हात आणि हजेरी

दुपारी साडेतीन ते पाच. हॉटेलातल्या माणसांना काही शिकवायचं असेल तर वेळ हीच. जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळच्या वडा-भज्यांचं तेल अजून तापलेलं नसतं. अन्नसुरक्षेचे वर्ग घेणारी माझी एक मैत्रीण सकाळची वेळ कधीच देत नाही. सकाळी बोलावलं की मालक येतो, मॅनेजर येतो, फार तर मालकाचा मेहुणा येतो. वस्ताद भट्टीपाशीच राहतो आणि मोरीवरच्या पोराला असं काही आहे याचा पत्ताही नसतो. म्हणून साडेतीनला ती सरळ हॉटेलातच जाते. बाकं ओढून घेते, पंखा लावते आणि सगळ्यांना समोर बसवते. भांडी घासणारा आल्याशिवाय ती सुरुवात करत नाही.

*

कागदावरची व्यवस्था अशी आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालचे परवाना आणि नोंदणीचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. त्यांच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेचे नियम आहेत : भिंती कशा असाव्यात, पाणी कसं साठवावं, सांडपाणी कुठून जावं, आजारी माणसाने कुठे उभं राहू नये. प्रशिक्षणाचा देशभर चालणारा एक साचा मात्र २०१७ मध्ये आला. फॉस्टॅक म्हणतात तो हाच. प्राथमिक वर्ग चार तासांचा, प्रगत आठ तासांचा. शेवटी छोटी परीक्षा, मग प्रमाणपत्र, दोन वर्षं चालणारं. अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे निदान एक तरी प्रमाणपत्र मिळवलेला अन्न सुरक्षा पर्यवेक्षक हवा आणि त्याने बाकीच्यांना शिकवावं, अशी अपेक्षा आहे.

पंचवीसांत एक. उरलेल्या चोवीस जणांपर्यंत ते कसं पोचतं यावर सगळं अवलंबून आहे, आणि नेमकी तीच जागा कच्ची आहे. ज्याच्या नावाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं तो मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी गल्ल्यावर बसणारा होता. कांदा चिरणारा, कणीक मळणारा, चटणीत पाणी घालणारा वेगळाच. तो तीन महिन्यांपूर्वी गावाहून आलेला असतो आणि दिवाळीला गेला की परत येईलच असं नाही.

*

अन्नाची भीती म्हटली की आपल्याला भेसळ आठवते. सणासुदीला खवा पकडल्याच्या बातम्या येतात, तुपाचे डबे जप्त होतात. आधीचा १९५४ चा कायदाही भेसळ प्रतिबंधाचाच होता. भेसळ करणारा कुणीतरी लबाड असतो, त्याला धरला की आपण सुटलो असं वाटतं. हॉटेलातलं खाऊन जी माणसं आडवी होतात, त्यांतली कितीतरी मात्र अगदी सरळमार्गी स्वयंपाकाने होतात. तांदूळ चांगला, तेल चांगलं, आचारी कष्टाळू. फक्त भात दुपारी एकला शिजला आणि संध्याकाळी सातपर्यंत ओट्यावर राहिला. यात लबाड कुणीच नाही, म्हणून भरारी पथकाच्या धाडीने यातलं फारसं काही सुधारत नाही. इथे शिकवावंच लागतं.

*

तो भात जरा नीट पाहण्यासारखा आहे. चौकाचौकात संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात. फ्राइड राइसला भात मोकळा, कोरडा लागतो, म्हणून तो दुपारीच शिजवून मोठ्या टोपात निवत ठेवतात. चवीच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. पण मातीतला बॅसिलस सेरिअस नावाचा जिवाणू तांदळाबरोबर घरात येतो आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. रात्री आठला कढईखाली जाळ करून भात परतला की जिवाणू मरतात, विष मात्र तसंच राहतं. खाणाऱ्याला अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात.

वर्गात हे ऐकून एका वयस्क वस्तादांनी हात वर केला. "मॅडम, एवढ्या आचेवर काय शिल्लक राहतं?" प्रश्न मनापासूनचा होता. आगीने सगळं शुद्ध होतं हे त्यांना त्यांच्या गुरूने शिकवलेलं, आणि पुष्कळ बाबतींत ते खरंही आहे. मैत्रीण म्हणाली, "मामा, विंचू ठेचला म्हणून चढलेलं विष उतरतं का?" मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मग भात करायचा कधी?" मला वाटतं, त्या दिवसाच्या वर्गातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच होता, कारण त्यापुढची वीस मिनिटं सगळे मिळून उत्तर शोधत होते. गाडीवर फ्रिज नाही. मग एकच मोठा घाणा काढण्याऐवजी दोन लहान काढायचे, एक पाचला आणि एक आठला. टोपात ढीग ठेवायचा नाही, परातीत बोटभर थर पसरायचा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यायची, आणि थंडाव्याच्या पेटीत ठेवून लागेल तेवढाच बाहेर काढायचा. उरलेला दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही. हे त्यांनी स्वतः ठरवलं.

*

अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या तपासणीच्या यादीतले काही आकडे लिहून ठेवतो, कारण ते साधे आहेत आणि घरातही उपयोगी पडतात. शाकाहारी पदार्थ मध्यभागी ६५ अंशांवर २ मिनिटं शिजलेला हवा, मांसाहारी ७५ अंशांवर १५ सेकंद. गरम वाढायचं ते ६५ च्या खाली उतरू द्यायचं नाही, मांसाहारी असेल तर ७० च्या. थंड ठेवायचं ते ५ च्या आत, गोठवलेलं उणे १८. शिजवलेलं निववून ठेवायचं तर ६० वरून २१ वर दोन तासांत आणायचं आणि तिथून ५ वर पुढच्या दोन तासांत. पुन्हा गरम करताना मध्यभागी ७५.

आकडे पाठ होत नाहीत, व्हायचं कारणही नाही. सळईचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. रात्री अकराला, हॉटेल बंद करताना, डाळीच्या मोठ्या पातेल्यात तो घालून पाहिला की वर्गातल्या तासाभराच्या बोलण्याचं काम होतं. वर बोट लावलं तर डाळ कोमट लागते आणि मध्ये ती अजून चांगली गरम असते. खोल पातेलं रात्रभर निवत राहतं, आणि पोटातला तो कोमटपणा क्लॉस्ट्रिडिअम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूला हवा तसा असतो. हाही उकळीतून बीजाणूंच्या रूपाने वाचणारा, आणि हवा नसलेल्या जागी वाढणारा. दाट आमटीच्या तळाशी हवा नसतेच. लग्नाच्या, पंगतीच्या स्वयंपाकात रात्री करून सकाळी वाढलेल्या रश्शाने त्रास होतो त्यामागे अनेकदा हाच असतो. उथळ भांड्यांत वाटून ठेवणं, पातेलं थंड पाण्याच्या टबात बसवून ढवळत राहणं, एवढंच करायचं असतं. त्यासाठी जादा भांडी लागतात, आणि दमलेल्या माणसाची आणखी पाऊण तास हजेरी. भांडी आणि पाऊण तास दोन्ही मालकाच्या हातात आहेत.

*

शेवटचा हात.

आपल्या खाण्यात शिजवून झाल्यावर वरून कच्चं घालायची फार हौस. मिसळीवर कांदा, पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, भेळेवर कैरी, इडलीबरोबर खोबऱ्याची चटणी, कशावरही लिंबू. रस्सा तासभर उकळलेला असतो, त्याची काळजी नाही. त्यावर पडणारा चिमूटभर कांदा सकाळी सातला चिरलेला असतो आणि घालणारी बोटं मघाशी नोटा मोजत होती. म्हणजे पदार्थातला सर्वांत सुरक्षित भाग आगीने सांभाळला आणि सर्वांत नाजूक भाग हाताने.

खोबऱ्याची चटणी तर खास. ती शिजत नाही. सकाळी वाटतात, गर्दी वाढली की पाणी घालून वाढवतात, आणि दुपारी दोनलाही तीच डावाने वाढतात. पाणी पिपातलं की फिल्टरचं, हे घालणाऱ्याला त्या घाईत कुणी विचारत नाही. वर्गात बाकी काही शिकवायला वेळ मिळाला नाही तरी चटणी दर दोन-तीन तासांनी ताजी वाटायची आणि भांडं धुऊन मगच नवी भरायची, जुन्यात नवी ओतायची नाही, एवढं तरी सांगून यावं.

*

फडका. एकच फडका टेबल पुसतो, सांडलेला सांबार टिपतो, धुतलेल्या ताटाचं पाणी पुसतो आणि मधूनच घाम. ताटं धुतल्यावर पुसूच नयेत, जाळीवर उपडी घालून निथळू द्यावीत. हे पोरांना पटकन पटतं, कारण त्यात एक काम कमी होतं.

*

हात धुण्याचा प्रयोग मी जवळून पाहिला. हाताला एक चूर्ण लावायचं, जे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग नेहमीसारखे हात धुऊन या म्हणायचं, आणि अंधारात जांभळ्या दिव्याखाली हात धरायला लावायचे. तळवे स्वच्छ. अंगठ्याच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि मनगट मात्र चमकत असतात. सगळ्यांचेच चमकतात, मालकाचेही चमकले, आणि मोरीवरच्या मुलाचे सर्वांत कमी, कारण तो दिवसभर साबणाच्या पाण्यातच असतो. त्याचं नाव घेऊन मैत्रिणीने सगळ्यांना सांगितलं, "याचे बघा." तो मुलगा लाजला, पण दुसऱ्यांदा धुवायला सगळे गेले तेव्हा अंगठा कसा चोळायचा हे तोच दाखवत होता.

वीस सेकंद साबणाने, असं शिकवतात. वीस सेकंदांसाठी नळाला पाणी हवं, साबण हवा आणि नळ भट्टीपासून चार पावलांवर हवा. बऱ्याच स्वयंपाकघरांत हात धुवायचा नळ म्हणजे भांड्यांची मोरीच, आणि तिथे कायम ढीग. तिथे शिकवून काय साधणार? आधी बेसिन बसवा, मग वर्ग घ्या, असं सांगायचा अधिकार प्रशिक्षकाला असायला हवा.

*

हातमोज्यांवर माझा विश्वास नाही. मोजा घातलेल्या माणसाला हात चिकट झाल्याचं जाणवत नाही, म्हणून तो धुवायला जात नाही. त्याच मोज्याने कोंबडी, त्याच मोज्याने पाव, त्याच मोज्याने सुट्टे पैसे. उघडा हात आणि चालता नळ परवडला.

*

मनगटाचा दोरा. नियमाने अंगठी, घड्याळ, कडं, दोरा काही चालत नाही, कारण पीठ आणि ओल त्यात अडकून बसते. पण दोरा आईने बांधलेला असतो, जेजुरीचा, तुळजापूरचा, अजमेरचा. "काढा" म्हटलं की समोरचा माणूस गप्प होतो आणि पुढचं काहीच ऐकत नाही. माझी मैत्रीण म्हणते, "दादा, दंडावर बांधा, कोपराच्या वर. देवाला चालतं." दोरा तिथेच वर सरकतो आणि वर्ग पुढे जातो. हे कुठल्याही पुस्तकात सापडायचं नाही. माणसांत वावरलं की सुचतं.

*

काही नियमांना प्रशिक्षणच लागत नाही, आणि ते मला फार आवडतात. २०१८ मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचं ठरलं. नुसत्या थंडाव्यासाठीचा कारखान्यातला बर्फ निळा आणि सरबतात घालायचा पांढरा. उसाच्या रसाच्या गाडीवर उभा असलेला शाळकरी पोरगाही निळा तुकडा पाहून विचारेल. चिरायच्या फळ्यांचे रंग हेही तसंच, कच्च्या मांसाला लाल, भाजीला हिरवी. अक्षरओळख नसलेला माणूस, बंगालहून कालच आलेला माणूस, सगळ्यांना कळतं.

*

वर्तमानपत्रातला वडापाव. छपाईची शाई तेलात उतरते, म्हणून अन्न वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या वेष्टन नियमांनी बंदी घातली. तळणीच्या तेलाचीही मर्यादा त्याच वर्षी १ जुलैपासून ठरली : वारंवार तापवल्याने तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की तेल टाकायचं. वडेवाल्याकडे ती मोजायचं यंत्र नसतं. त्याला सांगायचं ते असं : फेस बसेनासा झाला, तेल काळपट आणि दाट झालं, मंद आचेवरच धूर यायला लागला, की ते गेलं. आणि जुन्यात नवं ओतू नका.

*

केरळने काय केलं ते नोंदवण्यासारखं आहे. मे २०२२ मध्ये कासरगोड जिल्ह्यात चेरुवत्तूरला शोर्मा खाऊन एक शाळकरी मुलगी गेली, कितीतरी जण आजारी पडले, तपासणीत शिगेला हा जिवाणू सापडला. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने अन्न हाताळणाऱ्यांना आरोग्यपत्र सक्तीचं केलं, कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी आणली आणि पार्सलवर केव्हा बनवलं आणि केव्हापर्यंत खायचं याची चिठ्ठी लावायला सांगितलं. पुढे तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये तशाच मेयोनेजवर वर्षापुरती बंदी घातली. पार्सलवरची चिठ्ठी महाराष्ट्रात आजच सुरू करावी. तिला यंत्र लागत नाही, पेन लागतं. शिवाय वेळ लिहिणाऱ्या हाताला दर पार्सलला वेळेची आठवण होते, तेच खरं प्रशिक्षण.

*

फेब्रुवारी २०२४, लोणार तालुक्यातलं सोमठाणा. सप्ताहातल्या एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसांना बाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा रस्त्यावरच झोपवून, दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या लटकवल्या. रांधणारी गावातलीच माणसं, भक्तीने राबलेली. हजार माणसांचा स्वयंपाक कुठल्याही हॉटेलापेक्षा मोठा असतो, आणि तिथे प्रशिक्षणाचा संबंधच येत नाही. भगर दमट जागी राहिली की बुरशी धरते; पाकिटातली घ्यावी, निवडून धुवावी, पीठ घरीच ताजं दळावं. प्रत्येक सप्ताहाच्या आधी गावातल्या चार आचाऱ्यांना हे दोन तास बसवून सांगणं ग्रामपंचायतीला अवघड नाही.

*

मेरी मॅलनची गोष्ट मी पुन्हा वाचली. आयर्लंडहून न्यूयॉर्कला आलेली स्वयंपाकीण, हाताला चव असलेली. ती ज्या ज्या घरात कामाला होती तिथे विषमज्वर होत गेला. जॉर्ज सोपर नावाच्या अभियंत्याने माग काढला आणि १९०७ मध्ये तिला एका बेटावर एकटं ठेवलं गेलं. तिला स्वतःला कसलाच त्रास नव्हता, म्हणून आपण रोग पसरवतो हे तिला कधीच पटलं नाही. १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं. तिने धुणी धुवायचं काम धरलं, त्यात स्वयंपाकाइतके पैसे मिळत नव्हते. मग ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात २५ जणांना लागण झाली, दोघं दगावली, आणि तिथली स्वयंपाकीण तीच निघाली. त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती बेटावरच होती.

शंभर वर्षं ही गोष्ट तिच्या हट्टाची म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. तिला काय करू नको ते सांगितलं, पण पोट कसं भरायचं ते कुणी पाहिलं नाही. तेवढाच पगार देणारं दुसरं काम तिला दिलं असतं तर १९१५ चं रुग्णालय कदाचित टळलं असतं.

*

आता आपल्याकडे. चौथ्या अनुसूचीत लिहिलंय : कावीळ, जुलाब, उलटी, ताप, तापाबरोबर घसादुखी, पिकलेला फोड किंवा जखम, कान-डोळे-नाकातून स्राव, यातलं काहीही असेल तर कामगाराने सांगावं आणि अन्नाजवळ जाऊ नये. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास लांब राहावं, असा जगभरचा सल्ला आहे. म्हणजे साध्या पोट बिघडण्याला तीन-चार दिवस.

हे चार दिवस कुणाचे? रोजावर असलेल्याचे पैसे कापले जातात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, पण लहान आस्थापनांना तो कायदा तसा लागू नाही, आणि आपल्या बहुतेक खाणावळी लहानच आहेत. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव असेल तर आजारपणात ७० टक्के मजुरी मिळते; मात्र पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे, त्यांचे पैसे नाहीत. नेमके ज्या दोन दिवसांत त्याने घरी बसायला हवं तेच दोन दिवस. मग तो सकाळी दोन गोळ्या घेऊन येतो, कुणाला सांगत नाही आणि कणीक मळायला बसतो. त्याला वर्गातलं सगळं आठवत असतं. परीक्षेत त्या प्रश्नाला त्याने बरोबर खूण केलेली असते.

मी मालकांशीही बोललो आहे. एक माणूस कमी झाला तर संध्याकाळ कशी निघायची, ही त्यांची अडचण खरी आहे. त्यातले काही शहाणे आहेत. ते आजारी माणसाला गल्ल्याबाहेर, पार्किंगला किंवा बिलं लावायला बसवतात आणि रोज पूर्ण देतात. एका उडुपी मालकांनी मला हिशेब सांगितला : वर्षात सगळ्या पोरांच्या मिळून जेवढ्या आजारी दिवसांचे पैसे ते देतात, त्याहून जास्त एका रविवारी हॉटेल बंद राहिलं तर जातात.

*

प्रशिक्षणाचे पैसे कुणी द्यायचे? कॅलिफोर्नियात २०११ पासून हॉटेलातल्या कामगाराला कार्ड लागतं, तीन वर्षं चालतं. बारा वर्षं बहुतेकांनी ते पदरचे पैसे घालून काढलं. अमेरिकेत या प्रशिक्षणातलं सर्वांत मोठं नाव सर्व्हसेफ, आणि ते चालवते तिथल्या उपाहारगृह मालकांचीच राष्ट्रीय संघटना. कामगारांनी भरलेल्या फीमधून याच संघटनेच्या किमान वेतनवाढीविरुद्धच्या प्रयत्नांना पैसा मिळतो, हे न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२३ मध्ये मांडलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून फी मालकाने द्यायची, वर्गात गेलेला वेळही पगारी धरायचा, असं ठरलं. आपल्याकडेही हे स्पष्ट लिहून टाकावं. साडेतीन ते पाच ही त्या पोरांची पाठ टेकायची वेळ असते. ती आपण वर्गासाठी घेतो.

*

पोळीभाजी केंद्रं आणि विद्यार्थ्यांच्या मेस चालवणाऱ्या बायका सर्वांत चटकन शिकतात. वर्षाला १०० रुपयांची नोंदणी काढताना प्रशिक्षणाचं नाव निघालं की आधी कपाळाला आठी, "आम्हाला काय स्वयंपाक शिकवणार?" मग तासाभराने वही निघते. त्यांचा फायदा असा की शिजवणारी, वाढणारी आणि मालकीण एकच असते. ऐकलेलं रात्रीच अमलात येतं. एका ताईंनी दुसऱ्या दिवसापासून भाजी चिरणाऱ्या मदतनीस बाईंना वेगळा टॉवेल दिला आणि फ्रिजमध्ये कच्चं खाली, शिजवलेलं वर, अशी मांडणी केली.

*

वैद्यकीय दाखला दरवर्षी हवा. डोळे, त्वचा, लागण होणारा काही आजार आहे का, विषमज्वरासारख्या आजारांची लस घेतली का. लसीचं मात्र मनावर घ्यावं. बाकी दाखला ज्या दिवशी काढला त्या दिवसाचा असतो. पुढचे ३६४ दिवस त्या माणसाच्या सांगण्यावर चालतात, आणि तो सांगेल की नाही हे पगारावर.

*

खानपान आस्थापनांसाठी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे ११४ गुणांची यादी असते. जाळ्या, झाकणं, फ्रिजचं तापमान, कीटक नियंत्रणाची नोंद, प्रशिक्षणाचे कागद. तिच्यात आणखी एक प्रश्न घालावा, ही माझी सूचना आहे, आणि मी ती लेखी पाठवणार आहे. गेल्या तीन महिन्यांत पोट बिघडल्यामुळे किंवा तापामुळे किती जणांनी सुट्टी घेतली, आणि त्या दिवसांचा पगार मिळाला का? वीस माणसं राबतात तिथे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत एकही आजारी पडला नाही असं हजेरीबुक सांगत असेल, तर अधिकाऱ्याने प्रमाणपत्र बाजूला ठेवून आत मोरीपाशी जावं आणि तिथल्या माणसाशी, मालक नसताना, बोलावं. हजेरीबुक प्रत्येक हॉटेलात असतं. पाहायला पाच मिनिटं लागतात.